एलईडी गाठीत बसवायची तर अडचण नेमकी कुठे आहे?

रबाळेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, एलईडी ड्रायव्हर (दिव्याला ठरलेला करंट देणारं सर्किट) आणि पॅनेल लाइटचे बोर्ड भरून देतो. सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक मेसेज आला, 'तांदळाच्या दाण्याएवढा दिवा गाठीत बसवा, कॅन्सर जळून खाक, किमोची गरज नाही'. खाली दहा जणांना पाठवा वगैरे नेहमीचं. मी असल्या गोष्टी वाचून सोडून देतो, पण विषय एलईडीचा, म्हणून खोदून बघितलं. मेसेज बंडल होता, मूळ काम मात्र खरं निघालं. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात असा वायरलेस एलईडीचा दाणा बनवलाय. रुग्णाला आधी प्रकाशाने जागं होणारं औषध द्यायचं आणि मग गाठीजवळ बसवलेला दिवा लावायचा. पद्धतीचं नाव फोटोडायनॅमिक थेरपी.

आता माझा प्रश्न. १ मिमी बाय अर्धा मिमीची एलईडी आमच्याकडे रिळावर येते, शेकड्याने जमिनीवर सांडते आणि झाडूने गोळा होते. वायरशिवाय चार्ज होणारा टूथब्रश लोकांच्या बाथरूममध्ये कधीचा आहे. मग ठाण्यात किंवा नवी मुंबईत एकाही हॉस्पिटलात हा प्रकार का दिसत नाही? माझं मत सांगतो, स्वस्त उपाय कंपन्यांना नकोच असतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा (हा विनोद मीच करून टाकतो, बाकीच्यांनी करू नये).

उंटावरचा_शहाणा

आधी घोडबंदर रोडचे दिवे लावा, मग पोटातले बघू.

तलावपाळी

जागा धरून बसलो आहे. डॉक्टर कधी येतात?

चर्मचक्षू

आलो. नौपाड्यात त्वचारोगाची प्रॅक्टिस आहे, फोटोडायनॅमिक थोडीफार स्वतः केली आहे, म्हणून लिहितो.

रबाळेकर, पहिला गैरसमज म्हणजे 'जळून खाक'. यात दिवा काहीच जाळत नाही. तीन गोष्टी एका जागी, एका वेळी लागतात: औषध, योग्य रंगाचा प्रकाश आणि पेशीतला ऑक्सिजन. औषधाचा रेणू प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देतो. त्यातून 'सिंग्लेट ऑक्सिजन' नावाचं फार तापट रूप तयार होतं, ते जवळ जे सापडेल त्याची मोडतोड करतं. त्याचं आयुष्य इतकं कमी की जन्मल्या जागेपासून फार तर शंभरेक नॅनोमीटरपलीकडे ते पोचतच नाही. म्हणून प्रकाश पडेल तिथेच परिणाम. हाच गुण आणि हीच मर्यादा.

हे नवीनही नाही. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी ॲक्रिडिन हा रंग पाण्यातल्या एकपेशीय जिवांवर तपासत होता. ते कधी पटकन मरत, कधी नाही. फरक निघाला खोलीतल्या उजेडाचा. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेत बफेलोला थॉमस डोअर्टी यांनी ते कॅन्सरच्या उपचारापर्यंत आणलं. फोटोफ्रिन हे औषध १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आणि १९९५ मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं.

कंपन्यांना नको असतं हे म्हणणं इथे टिकत नाही. प्रोस्टेटसाठीचं टूकाड नावाचं औषध कंपनीनेच आणलं. २०१७ मध्ये युरोपने मान्य केलं, २०२० मध्ये अमेरिकेच्या सल्लागार समितीने विरोधात कौल दिला. तिथे दिवा उत्तम चालत होता, त्याच्या घडणीबद्दल तक्रार कोणाचीच नव्हती. प्रश्न होता रुग्णाला दीर्घकाळात नक्की फायदा किती.

कोपरीची_माई

डॉक्टर, माझ्या नातवाला जन्मल्यावर कावीळ होती तेव्हा डोळ्यांना पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. तेही हेच का?

चर्मचक्षू

माई, चुलत भाऊ म्हणा. तिथे बाहेरचं औषध लागत नाही. बिलिरुबिन स्वतःच निळा प्रकाश शोषून आकार बदलतं आणि मग यकृताने त्यावर नेहमीची प्रक्रिया न करताच पित्तातून, लघवीतून निघून जातं. पन्नासच्या दशकात इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या हॉस्पिटलात सिस्टर वॉर्ड बाळांना बागेत उन्हात न्यायच्या. अंगाचा उघडा भाग कमी पिवळा आणि दुपट्याखालचा जास्त पिवळा, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५८ साली त्यावरचा शोधनिबंध आला.

जडीबुटी_जयंत

यात पाश्चात्त्यांनी काय मोठं केलं? कोडावर बावचीचा लेप लावून उन्हात बसायचं हे आपल्याकडे हजारो वर्षं आहे. औषध अधिक प्रकाश. झालं की.

चर्मचक्षू

जयंतराव, कोडापुरतं बरोबर आहे. बावचीत सोरालेन असतं आणि आजही आम्ही सोरालेन देऊन अतिनील प्रकाशात उपचार करतो. पण सोरालेन थेट पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं, काम वेगळं, प्रकाशाचा रंग वेगळा, खोल जाणं जवळजवळ शून्य. आणि घरी लेप लावून दुपारी गच्चीवर बसलेले, पाठभर फोड घेऊन आलेले लोक मला दर उन्हाळ्यात बघावे लागतात. तेवढं कृपया लिहीत जा.

जडीबुटी_जयंत

प्रमाण चुकलं की अमृताचंही विष होतं. असो.

वाशीचे_आजोबा

चांगला धागा. अणुशक्तिनगरात नोकरी झाली, आता सेक्टर १७ ला निवांत असतो. रबाळेकरांच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

प्रकाश आत का न्यायचा? कारण बाहेरून पोचत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोटं घट्ट दाबा. बोटांच्या कडा लाल दिसतील. टॉर्च पांढरा आहे, त्यात निळा-हिरवा भरपूर आहे, तो वाटेत रक्ताने गिळला. उरला तो लाल. तोही मांसात काही मिलिमीटर, फार तर एखादा सेंटीमीटर उपयोगाचा राहतो. म्हणून आजवरची बहुतेक औषधं लाल प्रकाशावर चालणारी निवडली गेली: फोटोफ्रिन ६३० नॅनोमीटर, टेमोपोर्फिन ६५२, टूकाड ७५३. स्वादुपिंडातली किंवा मेंदूतली गाठ यापलीकडे असते. तिथे ऑप्टिकल फायबर घालून प्रकाश नेतात, पण तो एकदाच, रुग्ण टेबलावर असेपर्यंत.

आत कायमचा ठेवलेला दिवा इथे खेळ बदलतो. एक म्हणजे रोज लावता येतो. दुसरं म्हणजे रंगाचं बंधन सुटतं. नोत्र दामच्या मंडळींना हिरवा प्रकाश, जो खोल जात नाही, तोच पेशी मारायला जास्त जोरकस वाटला. पेशी फुगून मरतात आणि तसा मृत्यू प्रतिकारशक्तीला जागं करणारा असतो. दिवाच गाठीत असेल तर खोल जायची गरज कोणाला?

रबाळेकर

आजोबा, बोटांचं करून बघितलं, मुलीलाही दाखवलं. पण मग अडकतंय कुठे? मी जरा आकडेमोड केली. वाचनात प्रति चौरस सेंटीमीटर १०० ज्यूल असा डोस येतो. हॉस्पिटलचा लेझर १०० मिलीवॅटने देत असेल तर १००० सेकंद, म्हणजे १७ मिनिटं. माझ्या दाण्याने १ मिलीवॅट दिला तर २८ तास लागतील. लागू देत की! पेशंट घरी बसून मालिका बघेल.

चर्मचक्षू

गणित बरोबर आणि कल्पनाही जुळते. जोराचा प्रकाश मारला की पेशीतला ऑक्सिजन भराभर संपतो, रक्तातून नवा यायच्या आत. मग पुढचा प्रकाश वाया. मंद आणि लांबलचक दिला तर ऑक्सिजन येत राहतो. याला मेट्रोनॉमिक पद्धत म्हणतात. जपानमध्ये वासेदा विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांवर हेच केलं. त्वचेखाली अगदी पातळ, उतींना चिकटणाऱ्या पापुद्र्यावर एलईडी बसवली, नेहमीच्या सुमारे हजारपट कमी प्रकाश दिला आणि तो दहा दिवस चालू ठेवला. गाठी लहान झाल्या. वीज वायरशिवाय, आपल्या कार्ड टॅप करण्याच्या तंत्राने.

त्याच वर्षी सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाने ३० मिलिग्रॅम वजनाचा, १५ घन मिलिमीटरचा दिवा केला, ३ सेंटीमीटरपेक्षा जाड उतींच्या आड औषध जागं करणारा.

आता 'उंदीर' हा शब्द नीट वाचा. उंदराच्या कातडीपासून गाठीपर्यंतचं अंतर आणि तुमच्या-माझ्या कातडीपासून स्वादुपिंडापर्यंतचं अंतर.

ऐरोलीकर_मी

माझ्या तर आणखीच जास्त. वडापाव.

निमूट_वाचक

पहिल्यांदाच लिहिते आहे. कळव्याला माझे मामा आहेत, अन्ननलिकेचा कॅन्सर, गिळायला त्रास सुरू झालाय. एका क्लिनिकने जाहिरातीत 'लाइट थेरपी, ना चिरफाड ना किमो' असं छापलंय. फोन केला तर आधी मोठी रक्कम भरा म्हणाले, रिपोर्ट नंतर बघू. मामेभाऊ पैसे भरायला निघाला आहे. हा धागा वाचून वाटलं विचारावं. हे तेच आहे का?

चर्मचक्षू

ताई, भावाला आजच थांबवा. रिपोर्ट न बघता पैसे मागणारा माणूस कोणतीच थेरपी देत नसतो. त्यांना चार प्रश्न विचारा: औषधाचं नाव काय, ते शिरेतून दिल्यावर किती तासांनी प्रकाश देणार, प्रकाशाचा रंग किती नॅनोमीटर, दुर्बीण कोण घालणार. खऱ्या फोटोफ्रिन उपचारात इंजेक्शननंतर ४० ते ५० तासांनी दुर्बिणीतून प्रकाश देतात आणि पुढे किमान ३० दिवस ऊन व प्रखर दिवे टाळायला सांगतात. सनस्क्रीनही चालत नाही, कारण त्रास अतिनील किरणांचा नसून साध्या उजेडाचा असतो. यातलं काहीच त्यांनी सांगितलं नसेल तर समजून जा.

अन्ननलिकेत ही पद्धत मुख्यतः बंद झालेली वाट थोडी मोकळी करून गिळता यावं म्हणून मान्य झालेली आहे. स्टेंट, रेडिएशन असे दुसरे मार्गही आहेत. मामांना कशाने फायदा ते रिपोर्ट बघूनच ठरेल. परळला टाटा हॉस्पिटल किंवा खारघरला त्यांचंच ॲक्ट्रेक, तुम्हाला दोन्ही जवळ आहेत.

खाडीपलीकडे

निमूट ताई, ॲक्ट्रेकला माझ्या सासऱ्यांच्या वेळी जाणं-येणं होतं. बायोप्सीच्या सगळ्या स्लाइड आणि ब्लॉक सोबत घ्या, नुसता कागदी रिपोर्ट घेऊन गेलात तर तपासणी पुन्हा करावी लागू शकते. सोबतच्या माणसाने डबा आणि चार्जर घेऊन जावं, दिवस तिथेच जातो. व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.

उंटावरचा_शहाणा

ॲक्ट्रेकला तर प्रोटॉनचं मशीन आलंय ना? मग दाण्यांचं कौतुक कशाला?

वाशीचे_आजोबा

आलंय, २०२३ पासून रुग्णांवर उपचार सुरू आहेत. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबतो, त्याला आत काही ठेवावं लागत नाही. पण त्या मशीनला इमारत लागते, दाण्याला सुई. दोन्हींची तुलना नको.

तुलना करायचीच तर ब्रॅकिथेरपीशी करा. किरणोत्सारी आयोडीन-१२५ भरलेली बारीक बीजं प्रोस्टेटमध्ये किंवा डोळ्यातल्या गाठीजवळ ठेवतात. ती आपल्या बीएआरसीने देशात बनवली. या आयोडीनचं अर्धायुष्य साधारण ६० दिवस. ना बॅटरी, ना सर्किट, बंद पडण्याची भीती नाही. पण बंद *करताही* येत नाही. प्रकाशाचा दाणा वाटेल तेव्हा बंद होतो, हा त्याचा मोठा फायदा.

आणि इथेच रबाळेकरांचं उत्तर आहे. किरणोत्सारी बीजाचा डोस किती अंतरावर किती पडेल, याची कोष्टकं आहेत. शरीर कोणाचंही असो, फरक थोडा. प्रकाशाचं तसं नाही. एका गाठीत रक्त जास्त, दुसरीत मधला भाग मेलेला, तिसरीत औषध कडेलाच साठलेलं. तोच दाणा, तोच मिलीवॅट, आणि एका ठिकाणी पेशी मरतात, दोन मिलिमीटरवर सुखरूप राहतात. वर ऑक्सिजन दर मिनिटाला बदलणार. दिवा लावणं सोपं. कुठे किती परिणाम झाला हे आतून मोजणं अवघड, आणि मोजल्याशिवाय डॉक्टर डोस लिहिणार कसा?

रबाळेकर

हे पटलं. तरी एक पोटप्रश्न. उष्णता?

वाशीचे_आजोबा

तुमचाच विषय. हिरव्या एलईडीची कार्यक्षमता लाल-निळ्यापेक्षा कमी, हे तुम्ही जाणता. उरलेली सगळी वीज उष्णता. आत बसवलेल्या यंत्राचा पृष्ठभाग शरीरापेक्षा साधारण २ अंशांहून जास्त तापू नये असा संकेत आहे. रक्तप्रवाह थोडी उष्णता वाहून नेतो, पण पॅनेल लाइटसारखा ॲल्युमिनियमचा हीटसिंक मेंदूत लावता येत नाही.

रबाळेकर

रविवारी प्रयोग केला. खाटिकाकडून चिकन ब्रेस्ट आणला, चिरून लाल, हिरवी, निळी अशा तीन एलईडी मध्ये सरकवल्या, सारख्याच करंटवर. स्वयंपाकघराचा दिवा बंद केला. लालचा उजेड तुकड्याच्या सगळ्या बाजूंनी बाहेर येत होता, तुकडाच पेटल्यासारखा. हिरवीचा वरच्या बाजूला मळकट ठिपका. निळी लागली आहे की नाही ते वायरच्या टोकाला मीटर लावून बघावं लागलं. चिकनमध्ये रक्त फारसं नसतं, जिवंत मांसात याहून वाईट असणार.

दुसरं, तासाभराने हिरवीभोवतीचं मांस कडेला पांढरट झालं होतं. २० मिलिअँपियरवर! आजोबा, तुमचे २ अंश लक्षात आले. तिसरं, लाल एलईडी मीठपाण्यात तशीच ठेवली होती, सकाळी तिच्या पायांवर हिरवा गंज.

तलावपाळी

वहिनींनी चिकनचं काय केलं?

रबाळेकर

मांजराला. आणि तो विषय घरात काढायचा नाही असं ठरलं आहे.

ऐरोलीकर_मी

गंजाबद्दल: मी ऑटोमोबाइल सेन्सरमध्ये आहे. आम्ही पॅरिलीन या पॉलिमरचा थर देतो, वाफेच्या रूपात बसतो, कोपऱ्याकोपऱ्यात जातो. इम्प्लांटमध्येही वापरतात. पण पॉलिमर कुठलाही असो, पाण्याची वाफ हळूहळू झिरपतेच. पेसमेकरला टायटॅनियमचं डबडं चालतं, तुमच्या दाण्याला चालणार नाही, कारण उजेड बाहेर यायला काचेची खिडकी पाहिजे आणि धातूच्या आड अँटेनाला वीज मिळायची नाही.

खाडीपलीकडे

अवांतर: २०२५ मध्ये अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने याच्या उलटं केलंय. जॉन रॉजर्स यांच्या गटाचा पेसमेकर, ३.५ मिमी लांब, १.८ रुंद, १ जाड. त्यात दिवा नाहीच. छातीवर चिकटवलेली पट्टी ठोका चुकला की अवरक्त प्रकाशाची उघडझाप करते, तो कातडीतून आत जातो आणि पेसमेकर चालू होतो. काम संपलं की शरीरातच विरघळतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसच आधार लागणाऱ्या बाळांसाठी.

चर्मचक्षू

सुंदर काम आहे ते. हाच विरघळण्याचा मुद्दा इथेही येणार. गाठ गेली तर दाणा काढायला पुन्हा ऑपरेशन करायचं का? ठेवला तर पुढे एमआरआय करता येईल का? शिवाय मंजुरी एकट्या दिव्याला मिळून भागत नाही. औषध आणि दिवा जोडीनेच सिद्ध करावे लागतात. आपल्याकडेही इम्प्लांट वरच्या जोखमीच्या वर्गात जातं.

आणि मूळ मर्यादा राहतेच. कॅन्सर यकृतात, हाडात, फुप्फुसात पसरला असेल तर किती दाणे पेरणार? जिथे गाठ एकाच जागी आहे पण चाकू पोचत नाही किंवा पोचला तर नुकसान करतो, तिथे याला खरा अर्थ. मेंदूतल्या गाठीचंच बघा. जपानमध्ये टालापोर्फिन हे औषध २०१३ पासून मेंदूच्या घातक गाठींसाठी मान्य आहे, कवटी उघडी असतानाच उरलेल्या कडांवर प्रकाश देतात. कवटी बंद झाल्यावरही तो देता आला तर फार मोठी गोष्ट होईल.

निमूट_वाचक

मामांना खारघरला नेलं. स्लाइडचं सांगितलंत ते बरं झालं. पुढची तारीख मिळाली आहे. त्या क्लिनिकला चार प्रश्न विचारले, त्यांनी फोन ठेवला. सगळ्यांचे आभार.

जडीबुटी_जयंत

ताई, मामांना बरं वाटो. (आणि हो, लेप वगैरे काही सुचवत नाही.)

वाशीचे_आजोबा

रबाळेकर, तुमचे हात आणि ड्रायव्हर रिकामे असतील तर एक सुचवतो. आपल्या देशात तंबाखू, गुटखा, मिश्रीमुळे तोंडाचा कॅन्सर प्रचंड. तोंड उघडलं की गाठ समोर, तिथे काही पेरायची गरजच नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बोस्टनच्या संशोधकांसोबत यावर काम झालं आहे. बॅटरीवर चालणारा लाल एलईडीचा दिवा, प्रकाश फायबरमधून, आणि तोंडात नीट बसावा म्हणून त्रिमितीय छपाईने केलेले तुकडे. औषध ॲमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल, ते पोटातून देतात. त्याने गाठ चमकतेही, त्यामुळे ती कुठवर आहे ते मोबाइलच्या कॅमेऱ्याने दिसतं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या छोट्या गाठींवर त्यांनी हे रुग्णांवर वापरून पाहिलं आहे. वीज गेली तरी चालणारा, जिल्हा रुग्णालयात ठेवता येईल असा दिवा. त्यात करंट स्थिर ठेवणं, वेळ मोजणं, बॅटरी उतरली तरी उजेड तेवढाच राहणं, ही कामं तुमच्या ओळखीची.

रबाळेकर

आजोबा, स्थिर करंटचा ड्रायव्हर डोळे मिटून होतो. मला फायबरमध्ये प्रकाश भरण्याचं जमत नाही, अर्धा बाहेरच सांडतो.

वाशीचे_आजोबा

माझ्याकडे दोन जुन्या लेन्स आणि पॉवर मीटर आहे. रविवारी दुपारी या.

चर्मचक्षू

मला चालत असेल तर मीही येतो. पेशंटवर काही करायचं नाही हे गृहीत धरून. नैतिक समितीची परवानगी, मंजूर औषध, सगळं नंतरचं. पण मोजमाप बघायला आवडेल.

रबाळेकर

नक्की या डॉक्टर. ठाण्याहून अडीचची वाशी पकडा, रबाळ्याला मी तुमच्याच डब्यात चढतो.

उंटावरचा_शहाणा

रविवारी ट्रान्सहार्बरला मेगाब्लॉक आहे. शनिवारी जा.